विश्लेषण : सॅमनच्या पोटी ट्राउट कसा जन्मला? माशांच्या भ्रूणातील ‘त्या’ चार पेशी काय करतात?

जपानमधील एका प्रयोगशाळेत सॅमन जातीच्या नर-मादीचा संयोग घडवण्यात आला आणि अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले सगळीच्या सगळी ट्राउट निघाली. २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. यात जनुकांमध्ये कोणताही फेरफार नव्हता आणि क्लोनिंगही नव्हते. संशोधकांनी ट्राउटच्या बीजपेशी सॅमनच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या पोटात सुईने सोडल्या होत्या. पुढचा रस्ता त्या पेशींनी स्वत:च शोधला.

सुपीक अंडे आणि शुक्राणू तयार करणाऱ्या या पेशी येतात कुठून, त्यांना रस्ता कसा कळतो आणि नॉर्वेतील मत्स्यशेतीपासून कावेरीतल्या महसीरपर्यंत अनेक प्रश्न त्यांच्याशी का जोडले गेले आहेत, हे समजून घेण्यासारखे आहे.

बीजपेशी म्हणजे काय?

शरीरातील पेशींची सरळ दोन गटांत विभागणी करता येते. यकृत, स्नायू, डोळे, त्वचा यांच्या पेशी त्या प्राण्याबरोबर संपतात. दुसरा गट अगदी छोटा असतो. त्यातून नरात शुक्राणू आणि मादीत अंडी तयार होतात, म्हणजे त्या प्राण्याच्या मृत्यूनंतरही ज्यांचा वंश चालू राहू शकतो अशा एवढ्याच पेशी. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमन यांनी १८९२ मध्ये ही विभागणी ठामपणे मांडली होती. आयुष्यभर व्यायाम करून कमावलेले दंड मुलाला वारशात मिळत नाहीत, याचे कारण हेच. दंडाच्या पेशी आणि बीजपेशी यांचे रस्ते फार लवकर वेगळे झालेले असतात.

किती लवकर? माशांच्या बाबतीत उत्तर थक्क करणारे आहे. फलनानंतर तासाभरात.

हे कसे कळले?

याचे श्रेय झेब्राफिश या तीन-चार सेंटिमीटरच्या पट्टेदार माशाला जाते. घरच्या काचेच्या टाकीतही तो अनेकांनी पाहिलेला असतो. हा मासा मूळचा आपल्याच भागातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगा आणि तिच्या उपनद्यांमधील माशांवर लिहिलेल्या ग्रंथात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. दीडशे वर्षांनी अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणले. पुढे नोबेल विजेत्या क्रिस्टियाने न्यूस्लाइन-फोलहार्ड यांच्या जर्मनीतील गटाने त्याचे शेकडो उत्परिवर्तित वाण तयार केले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्या टाक्यांच्या रांगा लागल्या. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालते. बिहारच्या ओढ्यातला मासा अमेरिकामार्गे कुलाब्यात आला, असे म्हणायला हरकत नाही.

त्याचा मोठा गुण म्हणजे पारदर्शक भ्रूण. अंडे जेमतेम पाऊण मिलिमीटरचे. मादी ते शरीराबाहेर घालते, फलनही बाहेरच होते. त्यामुळे पहिल्या विभाजनापासून पिल्लू बाहेर येईपर्यंतचे दोन-तीन दिवस सूक्ष्मदर्शकाखाली सलग पाहता येतात. ससा, उंदीर यांच्या बाबतीत ही सोय नाही.

चार पेशींची निवड कोण करते?

आई करते, तीही फलनाच्या आधी. मादीच्या अंडाशयात अंडे तयार होत असतानाच त्यात काही विशिष्ट आरएनए आणि प्रथिने एका गोळ्यात साठवली जातात. या ऐवजाला जननद्रव्य म्हणतात. तो गोळा बांधण्याचे काम ‘बकी बॉल’ नावाचे प्रथिन करते. ते नसेल तर जननद्रव्य एकत्र येतच नाही.

फलनानंतर पाऊण तासाने अंड्याचे पहिले विभाजन होते, नंतर दर पंधरा मिनिटांनी पुढचे. पहिल्या विभाजनात जी खाच पडते तिच्या दोन टोकांना जननद्रव्य गोळा होते. दुसरी खाच पहिलीला काटकोनात पडते, तिच्याही दोन टोकांना. असे चार ठिपके तयार होतात. ‘वासा’ नावाच्या जनुकाचा आरएनए रंगवला की हे चारही ठिपके स्पष्ट दिसतात. १९९७ मध्ये ते पहिल्यांदा नीट टिपले गेले. भ्रूण ३२ पेशींचा होईपर्यंत हे ठिपके चार पेशींच्या आत शिरलेले असतात.

यानंतरची गोष्ट अधिक मजेशीर आहे. भ्रूणातील पेशी दुपटीने वाढत हजारावर जातात, पण जननद्रव्य असलेल्या पेशी चारच राहतात. कारण अशी पेशी विभागली की सगळा ऐवज एकाच लेकीकडे जातो, दुसरी रिकाम्या हाताने देहाच्या कामाला लागते. सुमारे चार तासांनी हा नियम बदलतो. जननद्रव्य केंद्रकाभोवती पसरते, दोन्ही लेकींना वाटा मिळू लागतो आणि संख्या वाढायला लागते. चोवीस तासांनंतर भ्रूणात अशा साधारण ३० ते ५० पेशी असतात. मादी पुढे आयुष्यभरात जी हजारो अंडी घालते ती या मूठभर पेशींची संतती असते.

सगळे प्राणी असे करत नाहीत. उंदीर आणि माणूस यांच्यात आईकडून असा तयार ऐवज येत नाही. तिथे भ्रूण बराच पुढे गेल्यावर शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या रासायनिक संदेशाने काही पेशींना बीजपेशी होण्याचे काम लागते. म्हणजे माशात वारसाहक्क, सस्तन प्राण्यांत नेमणूक. पण काम सुरू झाल्यावर लागणारी हत्यारे बरीचशी सारखी आहेत. वासा, नॅनोज, डेड एंड ही जनुके माणसातही आहेत.

पेशी रस्ता कसा शोधतात?

बीजपेशी जिथे तयार होतात तिथे जननग्रंथी नसते. ती जागा भ्रूणात अजून बनायचीच असते. शिवाय पहिल्या दोन खाचा कुठे पडतील आणि माशाची पाठ-पोट कुठे असेल, यांचा एकमेकांशी ठरलेला संबंध नाही. त्यामुळे चार गट प्रत्येक भ्रूणात वेगवेगळ्या ठिकाणांहून निघतात. तरीही चोवीस तासांच्या आत ते शरीराच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ठरलेल्या जागी हजर असतात. निघण्याचे स्टेशन कोणतेही असो, उतरायचे स्टेशन एकच.

यामागचे तंत्र २००२-०३ च्या सुमारास उलगडले. वाटेवरच्या देहपेशी ‘सीएक्ससीएल-१२’ नावाचे प्रथिन सोडतात. बीजपेशींच्या पृष्ठभागावर ते ओळखणारा ग्राहक असतो, त्याचे नाव ‘सीएक्ससीआर-४’. जिकडे हे प्रथिन जास्त, तिकडे पेशी सरकते. सरकण्याची पद्धतही खास आहे. पेशीच्या आतल्या दाबाने तिच्या पडद्याला एका बाजूला फुगा येतो, तेलातल्या पुरीला एका कडेने यावा तसा. मग पेशीतला द्रव त्या फुग्यात शिरतो आणि पेशी तेवढी पुढे सरते. थोडा वेळ अशी धाव, मग थांबून जागच्या जागी चाचपडणे, दिशा पुन्हा ठरवणे आणि पुन्हा धाव.

पण खरी मेख पुढे आहे. बीजपेशींना टप्प्याटप्प्याने बोलावले जाते. आधी एका जागी, मग तिथून दुसऱ्या. पहिल्या जागेवरचा संदेश तसाच रेंगाळला तर पेशी तिथेच घुटमळतील. इलेक्ट्रॉनिक्समध्ये जुना सिग्नल पुसल्याशिवाय नवा वाचता येत नाही, तसेच हे. हे पुसण्याचे काम आजूबाजूच्या साध्या देहपेशी करतात. त्यांच्यावर ‘सीएक्ससीआर-७’ नावाचा दुसरा ग्राहक असतो. तो हे प्रथिन पकडतो, पेशीच्या आत ओढतो आणि तिथे त्याचा चुरा होतो. २००८ मध्ये जर्मनीतील एरेझ राझ यांच्या गटाने दाखवले की, हा दुसरा ग्राहक काढून टाकला की बीजपेशींची चाल शाबूत राहते, दिशा मात्र हरवते. संदेश पाठवणाऱ्यांचे कौतुक सगळेच करतात. तो वेळेवर पुसणाऱ्यांकडे विज्ञानाचे लक्षही उशिराच गेले.

या संशोधनाला माशांपलीकडेही महत्त्व आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीतून निघून शरीरात पसरतात तेव्हा याच प्रथिन-ग्राहक जोडीचा वापर करतात, हे २००१ मध्ये दिसून आले होते. एचआयव्ही विषाणूचे काही प्रकार पेशीत शिरताना जे दार वापरतात तेही हेच ‘सीएक्ससीआर-४’.

पेशी पोहोचल्याच नाहीत तर?

२००३ मध्ये झेब्राफिशमध्ये एक जनुक सापडले. ते बंद केले की बीजपेशी चालेनाशा होतात आणि भ्रूणातून नाहीशा होतात. त्याला नाव मिळाले ‘डेड एंड’, म्हणजे पुढे रस्ता बंद. आधी वाटले की या पेशी मरतात. २०१७ मध्ये अधिक बारकाईने पाहिल्यावर वेगळेच दिसले. मरण्याआधी त्यातल्या अनेक पेशी आपली ओळख सोडून देतात आणि स्नायू किंवा चेतापेशींसारख्या दिसू लागतात. म्हणजे बीजपेशी असणे ही एकदा मिळाली की कायम राहणारी पदवी नाही. ‘डेड एंड’ प्रथिन तिला सतत देहपेशी होण्यापासून रोखून धरते.

उंदरांमध्ये याच जनुकात बिघाड झाला की काही वाणांच्या वृषणात टेराटोमा नावाची गाठ होते. तिच्यात वेगवेगळ्या ऊतींची खिचडी आढळते. लहान मुलांमध्ये माकडहाडाजवळ किंवा छातीच्या मध्यभागी होणाऱ्या काही गाठींचे मूळही वाट चुकलेल्या बीजपेशींमध्ये असावे, असे बरेच तज्ज्ञ मानतात.

आणि ज्या माशाच्या बीजपेशी पूर्ण नाहीशा झाल्या त्याचे काय होते? तो जगतो, खातो, वाढतो. फक्त वांझ असतो. झेब्राफिशमध्ये आणखी एक परिणाम होतो : असे सगळे मासे नर दिसतात. मादी होण्यासाठी बीजपेशींची उपस्थिती लागते. पण हा सगळ्या माशांचा नियम नाही. सॅमनमध्ये बीजपेशी नसल्या तरी नर नरच राहतो आणि मादी मादीच. एका माशावरून सगळ्या माशांबद्दल बोलू नये, याचे हे चांगले उदाहरण.

नॉर्वेला वांझ सॅमन कशासाठी हवा?

नॉर्वे हा पाळीव अटलांटिक सॅमनचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक देश. फ्योर्डमधल्या जाळ्यांच्या पिंजऱ्यांत हे मासे वाढवतात. वादळात जाळी फाटतात, मासे निसटतात आणि नदीत जाऊन रानटी सॅमनशी संकर करतात. पाळीव सॅमन पिढ्यान्पिढ्या लवकर वजन वाढण्यासाठी निवडलेला असतो, नदीत टिकण्यासाठी नाही. त्याची जनुके रानटी माशांत शिरली की हजारो वर्षांत त्या-त्या नदीशी जुळवून घेतलेला वाण हळूहळू विरघळतो. हे नॉर्वेच्या अनेक नद्यांत घडलेले आहे.

२०१६ मध्ये बर्गेनच्या सागरी संशोधन संस्थेतील आना वार्जेलियस आणि सहकाऱ्यांनी क्रिस्पर तंत्राने सॅमनच्या अंड्यातले ‘डेड एंड’ जनुक निकामी केले. त्याच वेळी त्वचेच्या रंगाचे एक जनुकही निकामी केले, म्हणजे संपादन कुठे यशस्वी झाले ते फिकट रंगावरून लगेच ओळखू येईल. त्या माशांत बीजपेशी तयारच झाल्या नाहीत. असा मासा पिंजऱ्यातून पळाला तरी त्याचा वंश नदीत राहणार नाही.

यात एक अडचण उघड आहे. वांझ माशाचे बियाणे आणायचे कुठून? २०२० मध्ये त्याच संस्थेने उत्तर दिले : जनुक निकामी करतानाच त्याचा शाबूत आरएनए अंड्यात टोचायचा. तो काही काळच टिकतो, पण तेवढ्यात बीजपेशी वाचतात. असा मासा स्वत: प्रजननक्षम असतो, पण बिघडलेले जनुक पुढे देऊ शकतो. अशा दोन माशांची पिल्ले मात्र वांझ.

तंत्र चोख आहे. प्रश्न कायद्याचा आणि ग्राहकाच्या मनाचा आहे. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये जनुक-संपादित जीवांना जनुकीय सुधारित जीवांच्याच कठोर नियमांत बसवले. भारताने ३० मार्च २०२२ रोजी काही प्रकारच्या जनुक-संपादित वनस्पतींना सूट दिली, प्राण्यांना नाही. जो मासा निसटला तरी वंश वाढवू शकत नाही, त्याच्याबद्दलची भीती वंश वाढवू शकणाऱ्या पाळीव माशापेक्षा जास्त का असावी, हा प्रश्न धोरण ठरवणाऱ्यांनी कधीतरी सरळ विचारायला हवा.

सॅमनच्या पोटी ट्राउट : हे कसे जमले?

टोकियोच्या सागरी विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातील गोरो योशिझाकी यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी विचार केला की, बीजपेशींना रस्ता शोधता येत असेल तर त्यांना दुसऱ्याच्या घरात सोडून पाहू. नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाची प्रतिकारशक्ती अजून जागी झालेली नसते, त्यामुळे ते परक्या पेशी नाकारत नाही. २००४ मध्ये त्यांनी रेनबो ट्राउटच्या बीजपेशी मसू सॅमनच्या पिल्लांत सोडल्या. पेशी सरपटत जननग्रंथीत पोहोचल्या. मोठ्या झालेल्या सॅमन नरांनी आपल्या शुक्राणूंबरोबर थोडे ट्राउटचे शुक्राणूही दिले. प्रमाण मात्र फारच कमी होते.

मग सॅमनचे स्वत:चे बीज बाद करण्यासाठी त्रिगुणित मासे वापरले गेले. फलनानंतर लगेच अंड्याला उष्णतेचा किंवा दाबाचा झटका दिला की पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच राहतात आणि जीव वांझ होतो. बाजारातल्या बिनबियांच्या कलिंगडाचे आणि जळगावच्या केळ्याचे गणित हेच आहे. अशा वांझ सॅमनच्या पिल्लांत ट्राउटच्या वृषणातील बीजपेशी सोडल्या. त्या नरात गेल्या तर शुक्राणू झाल्या, मादीत गेल्या तर अंडी. दोघांचा संयोग केला आणि सर्व पिल्ले ट्राउट झाली. २००७ चा तो प्रयोग हाच.

वृषणातल्या पेशीची मादीच्या पोटात अंडी होतात, हा यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. कारण माशांचे शुक्राणू द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून वर्षानुवर्षे ठेवता येतात, पण अंडी नाहीत. ती मोठी असतात, बलकाने भरलेली असतात आणि गोठताना होणाऱ्या बर्फाच्या स्फटिकांनी फुटतात. म्हणजे एखादी जात नामशेष झाली आणि हाती फक्त गोठवलेले शुक्राणू असले तर ते टोचायला अंडेच उरत नाही. योशिझाकींच्या गटाने २०१३ मध्ये अख्खे वृषण गोठवून, नंतर वितळवून, त्यातील पेशींपासून शुक्राणू आणि अंडी दोन्ही मिळवून दाखवली. पेशीतील मायटोकॉन्ड्रियाही दात्याचेच येतात. थोडक्यात, नराचा एक अवयव जपला तर दोन्ही बाजूंचा वंश जपता येतो.

योशिझाकींचे जाहीर स्वप्न आहे बांगड्यासारख्या लहान माशाकडून ब्लूफिन ट्यूनाची पिल्ले मिळवण्याचे. ट्यूना प्रौढ व्हायला काही वर्षे आणि प्रचंड टाक्या लागतात. छोट्या माशाला एखादे वर्ष आणि छोटी टाकी पुरते. पण जाती जितक्या दूरच्या तितके काम अवघड. परक्या घरात पेशी तगतात, पण अंडे-शुक्राणूपर्यंत पोहोचत नाहीत, असा अनुभव अनेकदा येतो.

भारताशी याचा संबंध काय?

भारतात मत्स्यबीजाची क्रांती १० जुलै १९५७ रोजी कटकमध्ये सुरू झाली. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तेव्हापासून आपले सारे लक्ष संख्येवर राहिले : किती कोटी बीज, किती तलाव.

संख्या आणि वंश यांत फरक आहे, हे महसीरच्या कथेत दिसते. लोणावळ्याच्या वळवण येथील केंद्रात गेली सुमारे पाच दशके दख्खनी महसीरचे बीज तयार होते. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून जपले जातात ते हेच. लोणावळ्याच्या केंद्राने ही जात बंदिस्त पाण्यात वाढवून दाखवली, हे यश मोठेच आहे. पण ते बीज कावेरीतही सोडले गेले. तिथे एक वेगळा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, आकाराने प्रचंड. गळ टाकणाऱ्यांच्या शिबिरांतील नोंदी तपासून संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की, कावेरीत दख्खनी महसीर वाढत गेला आणि कुबडा महसीर दिसेनासा होत गेला. या कुबड्या माशाची शास्त्रीय ओळखही पक्की नव्हती. ती ‘टॉर रेमादेवी’ अशी २०१८ मध्ये निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. नाव मिळण्याआधीच मासा जायच्या वाटेला लागला होता.

लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अनेक देशी माशांचे शुक्राणू गोठवण्याच्या पद्धती बसवल्या आहेत. पण वर सांगितल्याप्रमाणे शुक्राणू म्हणजे अर्धाच वंश. देशी आणि धोक्यातल्या जातींच्या वृषणऊती गोठवून ठेवणे हे जनुक-संपादनाच्या तुलनेत स्वस्त काम आहे, त्यात परक्या जनुकाचा वाद नाही आणि ते मासा शिल्लक असतानाच करावे लागते. निधीची रांग लावायची तर ते सॅमनसारख्या चकचकीत प्रकल्पांच्या पुढे असायला हवे. धरणाने अडवलेली नदी, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी यांवर मात्र द्रव नायट्रोजनच्या टाकीत इलाज नाही. नदीत परत सोडण्याजोगी नदी नसेल तर टाकीतला मासा टाकीतच राहील.

कुबड्या महसीरसाठी सरोगेट कोण होऊ शकेल, याचे कागदावरचे उत्तर मात्र चमत्कारिक आहे. जवळचा नातेवाईक हवा, ज्याची अंडी-पिल्ले बंदिस्त पाण्यात हमखास मिळतात आणि ज्याचे त्रिगुणित, वांझ वाण करता येईल. तो दख्खनी महसीरच. ज्याच्या पिल्लांनी कावेरीत त्याची जागा घेतली, त्याच्याच पिल्लांच्या पोटात त्याच्या बीजपेशी सोडाव्या लागतील. आधी मात्र दोन्ही जातींचा संकर झालेला नाही असा कुबडा नर सापडायला हवा, जनुकीय चाचणीने त्याची खात्री व्हायला हवी आणि अभयारण्याच्या हद्दीतून तो काढायला वन खात्याची परवानगी मिळायला हवी.